समुद्रछायाचित्रांचे संग्राह्य पुस्तक: आधी बांधणी, मग फोटो

समुद्राच्या छायाचित्रांची मर्यादित आवृत्ती काढणारे बहुतेक जण आधी फोटो निवडतात, मग पाने लावतात, छापून घेतात आणि सगळ्यात शेवटी बाइंडरकडे जातात. तिथे गेल्यावर क्षितिज घडीत तुटते. डाव्या पानावरचा समुद्र उजव्या पानावरच्या समुद्राला एखाद्या मिलिमीटरने चुकतो. एरवी हा फरक कुणाच्या लक्षात येणार नाही, पण सरळ आडव्या रेषेवर नजर तिथेच अडकते. डोंगराच्या किंवा चेहऱ्याच्या पुस्तकात खपून जाणारी चूक समुद्राच्या पुस्तकात खपत नाही. म्हणून या कामाचा क्रम उलटा असतो. बांधणी आधी ठरते. तिच्यावरून कागद, कागदावरून आकार आणि आकारावरून निवड.

पुढची सगळी मापे एका ठरावीक पुस्तकाची आहेत: कोकण किनाऱ्याची १६ छायाचित्रे, पान २८० × २४० मिमी, विक्रीसाठी १५ प्रती, छपाई पिगमेंट शाईची, बांधणी हाताची. तुमचा आकार वेगळा असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

## कामाचे वेळापत्रक

कागद हवेतला ओलावा पितो आणि ग्रेनच्या, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेने धावतात तिच्या, आडव्या दिशेने फुगतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये बांधलेले पुस्तक जानेवारीत आक्रसते आणि पुठ्ठा वाकतो. निवड आणि मांडणी पावसाळ्यात उरका, डमी (कोरी नमुनाप्रत) सप्टेंबरात करा, प्रूफ (तपासणीची छपाई) ऑक्टोबरात काढा, छपाई नोव्हेंबरात आणि बांधणी डिसेंबर-जानेवारीत करा. कामाच्या खोलीत आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के ही चांगली मर्यादा. ६५ च्या वर गेल्यास त्या दिवशी गोंदाचे काम करू नका. पाऊस संपेपर्यंत थांबणे शक्यच नसेल तर डिह्युमिडिफायर लावलेली बंद खोली हवी. पंखा हा पर्याय नाही, तो तीच दमट हवा फिरवत राहतो.

## १. प्रतींचा खरा आकडा काढा

१५ प्रतींची आवृत्ती म्हणजे १५ पुस्तके छापणे नव्हे. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार भारतात प्रकाशित झालेल्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत द्यायची असते. कोलकात्याची प्रत तुमच्या उत्तम प्रतीसारखीच हवी, चित्रे आणि रंग यांसह. छोट्या आवृत्त्यांचे हिशेब इथेच कोसळतात: प्रती विकून झाल्यावर हे आठवते आणि हातात काही उरलेले नसते.

हिशेब असा मांडा. विक्रीच्या क्रमांकित प्रती १५, ग्रंथालयांच्या ४, कलावंत प्रती (क्रमांकाबाहेरच्या, स्वतःसाठी ठेवायच्या) २ आणि लोकांना हाताळायला द्यायची १. एकूण २२. प्रत्येक जोडपान (पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पाने) खराब होण्याची सोय म्हणून २ जादा, म्हणजे प्रत्येकाच्या २४ प्रिंट.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) हवा असेल तर तो भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. पुस्तकांच्या दुकानातून विकणार नसाल तर त्याच्यावाचून अडत नाही. पण घ्यायचा असेल तर आत्ताच अर्ज करा, कारण तो आकडा छापायच्या पानावर जातो.

## २. बांधणी ठरवा

तीन पर्याय सहसा समोर येतात.

फर्मे (घडी घालून एकात एक बसवलेल्या कागदांचे गठ्ठे) शिवून केलेली बांधणी मजकुराच्या पुस्तकाला उत्तम. पण तिच्यात फर्म्याच्या मधले पान सोडले तर बाकी प्रत्येक जोडपान दोन वेगवेगळ्या कागदांवर छापलेले असते. घडी घालताना, शिवताना आणि कापताना प्रत्येक कागद थोडाथोडा सरकतो. क्षितिज तुटते ते इथेच. जपानी पद्धतीच्या काठशिलाईत घडीजवळचे २५ ते ३० मिमी शिलाईत जातात आणि पुस्तक सपाट उघडत नाही. लग्नाच्या अल्बमच्या लॅबमध्ये मिळणारे जाड, सपाट उघडणारे पान क्षितिज सांभाळते, पण तिथला कागद, लॅमिनेशन आणि गोंद दीर्घकाळ टिकण्याच्या हिशेबाने निवडलेले असतीलच असे नाही. संग्राहकाला काय विकतो आहोत ते लेखी सांगता आले पाहिजे, आणि तिथे ते बहुधा सांगता येत नाही.

समुद्रासाठी योग्य बांधणी म्हणजे ड्रम लीफ. एका बाजूने छापलेला एक लांब कागद मधोमध घडी घालायचा, चित्र आत. अशी जोडपाने एकावर एक रचून घडीच्या बाजूने पुस्तकाच्या पाठीला गोंद लावायचा आणि शेजारच्या दोन जोडपानांच्या कोऱ्या पाठी बाहेरच्या काठाला एकमेकींना चिकटवायच्या. धागा कुठेच नाही. पुस्तक जवळजवळ सपाट उघडते. मुख्य म्हणजे उघडलेले प्रत्येक जोडपान हा एकच अखंड कागद असतो, त्यामुळे क्षितिज तुटायला जागाच राहत नाही.

या निवडीची किंमतही आहे. कागदाची एकच बाजू वापरली जाते आणि पुस्तक जाड होते. म्हणूनच चित्रे १६, चाळीस नव्हेत.

तपासणी: पुढे जाण्याआधी साध्या कागदाच्या ६ जोडपानांची कोरी डमी बांधा. मधोमध उघडून टेबलावर ठेवा. हात न लावता ती उघडी राहिली पाहिजे.

## ३. कागद, ग्रेन आणि रोलचा हिशेब

ड्रम लीफमध्ये दोन पाठी एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येक पानाची जाडी दुप्पट होते. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घेतला तर पान पुठ्ठ्यासारखे होते आणि घडीवर शाईचा थर तडकतो. १८० ते १९० जीएसएमचा, शंभर टक्के सुती, आम्लरहित, मॅट, एका बाजूने लेप दिलेला कागद घ्या. हानेम्यूले कंपनीचा फोटो रॅग १८८ हे त्याचे सहज सांगता येणारे उदाहरण.

ग्रेन घडीला समांतरच हवा. आडव्या ग्रेनचे पान घडीत फुटते, गोंद लागताच पाठ लाटेसारखी होते आणि पुस्तक कधीच नीट मिटत नाही. कापलेल्या शीटचा ग्रेन पाकिटावर बऱ्याचदा लिहिलेला नसतो. २० × १५० मिमीच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. दोन्ही एकत्र धरून टोकाने आडव्या करा. जी जास्त लोंबते तिची लांबी ग्रेनच्या आडवी आहे.

रोलमध्ये हा प्रश्न सुटलेला असतो, कारण ग्रेन रोलच्या लांबीच्या दिशेने धावतो. २४ इंची रोल ६१० मिमी रुंद असतो. जोडपान रोलच्या रुंदीत आडवे बसवले की मधली घडी आपोआप ग्रेनला समांतर येते.

मापे अशी:

- कापून तयार झालेले उघडे जोडपान: ५६० × २४० मिमी
- चारी बाजूंनी ५ मिमी ब्लीड (शेवटी कापून टाकायचा जादा छापलेला काठ) धरून छपाई: ५७० × २५० मिमी
- रोलवर लागणारी लांबी: प्रत्येक जोडपानाला २६० मिमी
- एका पुस्तकात जोडपाने: शीर्षक १, निवेदन १, चित्रे १६, चित्रांची सूची १, आवृत्तीची नोंद १. एकूण २०
- एकूण प्रिंट: २० × २४ = ४८०

१२ मीटरच्या रोलमधून ४६ जोडपाने निघतात असे कागदावर दिसते. ४२ धरा. रोलच्या गाभ्याजवळचा शेवटचा मीटरभर कागद इतका वळलेला असतो की तो पुस्तकात घालू नये, प्रूफला वापरावा. ४८० प्रिंट आणि २२ पुस्तकांना पुढे-मागे लावायची ४४ कोरी जोडपाने मिळून ५२४. त्याला भागिले ४२ म्हणजे १३ रोल, आणि प्रूफसाठी १ जादा. चौदा रोल एकदमच आणि एकाच बॅच क्रमांकाचे घ्या. दोन बॅचच्या पांढरेपणात फरक पडू शकतो आणि तो आकाशात लगेच दिसतो.

इशारा: रोल आणल्याबरोबर पाकीट फोडू नका. छपाईच्या खोलीत दोन दिवस बंदच राहू द्या, मग उघडा.

## ४. निवड

साठ-सत्तर फोटोंमधून सुरुवात करा. १० × १५ सेंमीच्या स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर मांडा. पडद्यावर निवड करू नका. पडदा प्रत्येक फोटो एकटा दाखवतो, पुस्तकात फोटो कधीच एकटा नसतो.

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य समुद्रात बुडतो. त्यामुळे प्रत्येकाच्या संग्रहात सूर्यास्त भरमसाट. सोळात दोनच ठेवा. कारण केवळ आवडीचे नाही: मॅट सुती कागदाला भडक केशरी रंग पेलत नाही, सूर्याभोवतीचे वर्तुळ सपाट डागासारखे छापले जाते. सकाळी सूर्य सह्याद्रीकडून, पाठीमागून येतो आणि डोंगर ओलांडेपर्यंत पाण्यावर थेट ऊन नसते. त्या मऊ, करड्या-निळ्या छटा या कागदावर फार सुंदर उतरतात. पावसाळ्यातले गढूळ, तांबूस पाणीही चांगले येते.

भरती-ओहोटीची विविधता बघा. हरिहरेश्वरचा कातळ उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) भरतीला आणि त्याच महिन्यातल्या भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) ओहोटीला दोन वेगळ्या जागा वाटतात. सगळे फोटो एकाच अवस्थेतले असतील तर सातव्या पानाला वाचक थांबतो. लांब एक्स्पोजरचे, पाण्याचे धुके झालेले फोटो सलग तीनपेक्षा जास्त नकोत.

## ५. क्षितिजाची मांडणी

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ खातो आणि खाऊ द्यावा.

प्रथम भिंगाची विकृती दुरुस्त करा, मगच क्षितिज सरळ करा. क्रम उलटला तर काय होते? रुंद कोनाच्या भिंगाने क्षितिज धनुष्यासारखे वाकलेले असते. ते तुम्ही दोन टोके जुळवून सरळ करता, नंतर विकृती काढता आणि मधला भाग पुन्हा हलतो. अर्ध्या अंशाची चूक ५६० मिमी रुंदीत जवळपास ५ मिमीचा उतार देते. पडद्यावर तो दिसत नाही, छापलेल्या जोडपानावर पाणी एका बाजूला सांडते आहे असे वाटते. प्रत्येक फाइलमध्ये आडवी मार्गदर्शक रेषा ठेवून शंभर टक्के मोठे करून दोन्ही टोके तपासा.

मग उंची. पान उलटल्यावर नजर आधीच्या क्षितिजाच्या जागी असते. पुढचे क्षितिज त्याच उंचीवर असेल तर समुद्र पुढे वाहत राहतो. ३० मिमीपेक्षा जास्त वरखाली असेल तर तो स्पष्ट बदल वाटतो. पण ५ ते १० मिमीचा फरक चूकच वाटतो, मग फोटो कितीही चांगला असो. तीन-चार जोडपाने एकाच उंचीवर चालवा, मग एकदम मोडा: क्षितिज नसलेला फोटो, वरून टिपलेली फेसाची नक्षी किंवा ओली पुळण घाला. सोळा आडव्या रेषा सलग आल्या की वाचक थकतो.

काठापर्यंत पसरलेल्या जोडपानाचे प्रमाण साधारण २.३ ला १ आहे. ३ ला २ प्रमाणातला फोटो तसा भरायचा तर वरखाली मिळून तिसऱ्या हिस्स्याहून थोडा जास्त भाग कापावा लागतो. सगळे फोटो ओढूनताणून काठापर्यंत नेऊ नका. सोळात पाच-सहा पूर्ण जोडपाने पुरे. बाकीचे उजव्या पानावर २३० × १५३ मिमी मापात, डावी-उजवीकडे २५ मिमी कोरे सोडून, डावे पान पूर्ण रिकामे. रिकामे पान म्हणजे कागद वाया गेला असे समजू नका. लाट मागे सरकते तसा तो अवकाश लागतोच.

तपासणी: घडीवर काय येते ते पाहा. क्षितिज घडी ओलांडू शकते. होडी, बुरूज, माणूस किंवा सूर्य घडीवर येऊ देऊ नका.

## ६. फाइल तयार करणे

रॉ फाइलपासून १६ बिटमध्ये काम करा आणि शेवटपर्यंत टिफ ठेवा. ८ बिटमध्ये किंवा जेपेगवर आकाश उजळवले तर संथ छटेत पट्टे पडतात. पडद्यावर ते कळतीलच असे नाही. पट्टे दिसत असतील तर शेवटी अगदी बारीक, एक-दोन टक्के नॉइज घाला. मॅट कागद ती गिळून टाकतो, पट्टे मात्र मोडतात.

५७० मिमी रुंदीला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ६७३२ पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ६००० पिक्सेल म्हणजे साधारण २६७ पीपीआय. सुती मॅट कागदावर ते पुरेसे आहे. २०० च्या खाली गेलेला फोटो जोडपानावर पसरू नका, लहान छापा.

डाग शोधणे हा वेगळा टप्पा समजा. लहान ॲपर्चरवर सेन्सरची धूळ आकाशात उमटते, फिल्टरवर खाऱ्या तुषारांचे थेंब असतात आणि लांब एक्स्पोजरमध्ये चमकणारे पिक्सेल येतात. फोटोवर तात्पुरता तीव्र कर्व्ह लावा, आकाश विद्रूप होईल आणि डाग उठून दिसतील. ते काढा, कर्व्ह पुसून टाका. एक विसरलेला डाग २४ वेळा छापला जातो.

आता समुद्राची दोन अवघड टोके: फेस आणि ओला कातळ.

० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात फेसाचा पांढरा २५५ वर गेला तर तिथे शाई पडतच नाही आणि कागदाला भोक पडल्यासारखी जागा दिसते. फेसाचा सर्वांत उजळ भाग २४५ ते २४८ वर थांबवा. ओल्या काळ्या खडकाचे दुखणे उलटे. मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका गडद नसतोच, त्यामुळे सावलीतला तपशील एकत्र मिसळून गोळा होतो. ० पासून ३० पर्यंत तीन-तीनच्या टप्प्याने काळ्या चौकोनांची पट्टी छापा. शेजारच्या काळ्यापासून जो चौकोन पहिल्यांदा वेगळा दिसतो, तो आकडा तुमच्या कागदाचा तळ. खडकाच्या ज्या भागात तपशील दिसायला हवा, तो त्या आकड्याच्या वर उचला.

मजकुराची चार जोडपाने चित्र म्हणून करू नका. अक्षरे व्हेक्टर राहतील अशी पीडीएफ द्या, नाहीतर देवनागरीच्या बारीक मात्रा-वेलांट्यांच्या कडा फाटक्या येतात. आकार ११ पॉइंटच्या खाली नको.

## ७. प्रूफ

मॉनिटर कॅलिब्रेट करा आणि उजेड चौरस मीटरला ८० ते १०० कँडेलावर आणा. बहुतेकांचा मॉनिटर याच्या दुप्पट प्रखर असतो आणि म्हणूनच “प्रिंट काळी आली” ही तक्रार येते. दोष प्रिंटरचा नसतो.

त्या प्रिंटरसाठी आणि त्याच कागदासाठी केलेले आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे पडद्यावरचे प्रूफ, पाहा, कागदाचा पांढरा दाखवण्याचा पर्याय चालू ठेवून. चित्र फिकट पडलेले पाहून दचकू नका, छपाई तशीच दिसणार आहे. रंग कागदावर बसवण्याचे रिलेटिव्ह आणि परसेप्चुअल असे दोन्ही पर्याय प्रत्येक फोटोला तपासा. करड्या समुद्राला बहुधा पहिला जमतो, सूर्यास्ताला दुसरा.

मग प्रत्येक चित्राचा महत्त्वाचा तुकडा, म्हणजे फेस, सावली आणि आकाशाची छटा एकत्र येते असा पट्टा, प्रत्यक्ष मापात छापा. चोवीस तास वाळू द्या. ५००० केल्विनच्या चांगल्या दिव्याखाली बघा, आणि नंतर घरातल्या साध्या उजेडातही, कारण पुस्तक तिथेच उघडले जाणार आहे. दुसऱ्या फेरीनंतरही तिसरी लागली तर काढा.

इशारा: रंग एकदम किरमिजी किंवा भडक आले तर दुरुस्ती फोटोत करू नका. बहुधा प्रोफाइल दोनदा लागले आहे, एकदा सॉफ्टवेअरमध्ये आणि एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हरमधले रंगनियंत्रण बंद करा. मॅट काळी शाई आणि कागदाचा योग्य प्रकार निवडला आहे याचीही खात्री करा.

## ८. छपाई

एकेक पुस्तक पूर्ण करत जाऊ नका. एका चित्राच्या २४ प्रिंट सलग काढा, मग दुसरे चित्र. त्यामुळे सगळ्या प्रतींत ते चित्र सारखे येते. प्रत्येक चित्राआधी नोझल तपासणी, आणि मंजूर प्रूफ पहिल्या, बाराव्या आणि चोविसाव्या प्रिंटशेजारी धरून तुलना.

सुती कागदावर सुटे तंतू असतात. त्यांच्यावर शाई पडते, नंतर ते गळतात आणि काळ्या पाण्यात पांढरे टिपके उरतात. कागद आत सरकताना मऊ रुंद ब्रशने हलकेच झटकत राहा. लॅबमध्ये छापत असाल तर हे आधी सांगून ठेवा, नसता कुणी करत नाही.

प्रत्येक फाइलमध्ये कटिंगच्या खुणा आणि वरखाली मधल्या घडीची खूण ब्लीडच्या बाहेर असू द्या. प्रिंट उघड्या चोवीस तास वाळवा, मग मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) किंवा आम्लरहित पातळ कागद घालून रचा. रोलचा वळ वरून खाली असतो. तो काढायला दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवा. छापलेला मॅट पृष्ठभाग नखाने, अंगठीने, बाहीच्या बटणानेही ओरखडतो.

## ९. घडी

घडी क्षितिजाशी बरोबर काटकोनात हवी. इथे अर्धा अंश चुकला तर मांडणीत घेतलेली सगळी मेहनत फुकट, कारण कटिंग घडीला धरून होते आणि क्षितिज पानाच्या काठाशी तिरके पडते.

जोडपान उपडे ठेवा. वरखालच्या खुणा उजेडावर धरून मागे पेन्सिलीने उतरवून घ्या. त्या दोन खुणांना स्टीलची पट्टी लावून बोन फोल्डरने (घडी दाबायच्या बोथट, चपट्या पट्टीने) पाठीमागून एक हलकी रेघ ओढा. मग चित्र आत घेऊन घडी घाला. बोन फोल्डर थेट कागदावर घासला तर मॅट कागद चकाकतो, म्हणून मध्ये ग्लासिन ठेवा. गडद चित्रांची घडी एका दमात करकचून दाबू नका, दोन फेऱ्यांत दाबा.

तपासणी: प्रत्येक घडीनंतर दोन्ही बाजूंच्या कटिंग खुणा एकमेकींवर येतात का ते उजेडावर पाहा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चुकलेले बाजूला ठेवा. प्रत्येकी दोन जादा प्रिंट याचसाठी आहेत.

## १०. पुस्तक बांधणे

गोंद आम्लरहित, बांधणीसाठीचाच पीव्हीए घ्या. सुतारकामाचा पांढरा गोंद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होऊ शकतो. गव्हाची खळ कागदाला चांगली, पण किनाऱ्याच्या दमट हवेत ती बुरशी आणि कसर ओढवून घेते, म्हणून इथे टाळा.

1. वीस जोडपाने ब्लीडच्या मापात (५७० × २५० मिमी) कापून क्रमाने रचा आणि पुढे-मागे एकेक कोरे जोडपान त्याच कागदाचे, त्याच ग्रेनचे लावा. घड्यांची बाजू आणि खालची बाजू ठोकून एका रेषेत आणा.
2. घड्या एक-दोन मिमी बाहेर राहतील असे फळ्यांत आवळा. पाठीला पातळ गोंद, वीस मिनिटांनी दुसरा हात, त्यावर जाळीचे सुती कापड, शेवटी पातळ मजबूत कागदाची पट्टी. रात्रभर ठेवा.
3. दुसऱ्या दिवशी बाहेरचे काठ. लागून असलेल्या दोन जोडपानांच्या कोऱ्या पाठींमध्ये टाकाऊ कागदाचे झाकण धरून काठाला १२ मिमीची गोंदाची पट्टी ओढा. झाकण काढा, दुसरी पाठ बसवा, पुढच्याकडे जा.
4. सगळे झाल्यावर पानांत ग्लासिन घालून वजनाखाली बारा तास.
5. शेवटी वर, खाली आणि बाहेर ५-५ मिमी कटिंग. काठाच्या गोंदातले ५ मिमी त्यात जातात आणि ७ मिमी पक्के उरतात.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, जोडपानाच्या पूर्ण कोऱ्या पाठीला गोंद लावणे: पान ताठ होते, वाकते आणि चित्राच्या बाजूने लाटा दिसतात. दुसरी, गोंदाची पट्टी ५-६ मिमीच ठेवणे: कटिंगमध्ये ती जवळजवळ सगळी जाते आणि महिन्याभरात पाने पिशवीसारखी उघडतात.

कटिंग मशीनचे पाते त्याच दिवशी धार लावलेले हवे, आणि दाबपट्टीचा ठसा मऊ सुती कागदावर उठू नये म्हणून वरखाली पुठ्ठा. पहिली कटिंग हाताळायच्या प्रतीची करा.

## ११. पुठ्ठा आणि पेटी

पुठ्ठा ३ मिमीचा, आम्लरहित, ग्रेन पाठीला समांतर. उंची २४६ मिमी, म्हणजे वरखाली ३ मिमी बाहेर. रुंदी आणि पाठीची पट्टी सूत्राने काढू नका, बांधलेल्या प्रतीवर कॅलिपरने मोजा. कोऱ्या जोडपानांसह चव्वेचाळीस थरांची जाडी साधारण १३ मिमीच्या आसपास येते, पण गोंद आणि कापड यांनी ती बदलते. कापडाला मागे कागद लावून घेतलेला असावा, नुसत्या खादीतून गोंद वर झिरपतो आणि डाग पडतो.

पेटी पुस्तकापेक्षा प्रत्येक बाजूला १ मिमी मोठी. घट्ट पेटीतून पुस्तक ओढताना काठ घासतात, सैल पेटीत ते हलते. आतला कागद आम्लरहित.

## १२. क्रमांक, सही आणि नोंद

आवृत्तीच्या नोंदीच्या पानावर कागद, शाई, बांधणी, छपाईचा महिना-वर्ष, क्रमांकित प्रती किती, कलावंत प्रती किती, ग्रंथालयांच्या किती, हे सगळे छापलेले असू द्या. क्रमांक हाताने, मऊ पेन्सिलीने किंवा पिगमेंट शाईच्या पेनने: ३/१५. बॉलपेन आणि मार्कर नको. चित्रांच्या सूचीत जागा, तारीख आणि भरती-ओहोटीची अवस्था लिहा. “आरे-वारे, उधाणाची भरती” ही नोंद काव्यमय शीर्षकापेक्षा संग्राहकाला जास्त सांगते.

कोणत्या क्रमांकाची प्रत कुणाकडे गेली ते एका वहीत लिहून ठेवा. उरलेल्या खराब प्रिंट फाडून टाका. त्या बाहेर गेल्या तर पंधरा हा आकडा खोटा ठरतो.

## पाठवण्याआधी

पुस्तक पेटीत, पेटी प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून पावसाळ्यात पाठवू नका. आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही. आधी आम्लरहित कागद, मग बबल शीट, मग चारी बाजूंना ५० मिमी मोकळीक असलेला दुहेरी खोका. सोबत घेणाऱ्यासाठी अर्ध्या पानाची सूचना द्या: पुस्तक आडवे ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पेटीत रंग बदलणारी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की बदला, जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा कोरड्या दुपारी दहा मिनिटे पाने उलटा.